ज्ञानाची वर्गणी कोणी भरायची?
आफ्रिकेतील विनामूल्य संशोधनपत्रिकांची शंभर वर्षांजवळ आलेली कहाणी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंकाचे अर्थकारण मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. पुढची-मागची पाने जाहिरातदारांची, मधला भाग लेखकांचा, आणि जे काही कमी पडेल ते संपादकाच्या खिशातले. ही व्यवस्था फार देखणी नसली, तरी तिच्यावर आपल्या चार पिढ्या वाचत्या झाल्या हे कबूल केले पाहिजे.

पण संशोधनपत्रिकेचे काय? हिवतापावरचा एखादा प्रबंध, एखाद्या जमातीच्या मौखिक इतिहासाची छाननी किंवा ज्वारीवरच्या किडीचा अभ्यास छापणाऱ्या त्रैमासिकाला कोणता सराफ जाहिरात देईल? वर्गणीदार म्हणावेत तर दोनशे-तीनशे. त्यातही ज्याला त्या लेखाची खरी गरज आहे असा आडगावचा डॉक्टर किंवा खेड्यातला शिक्षक वर्गणी भरू शकत नाही. म्हणजे अशा पत्रिकेला तिसरा कोणीतरी दाता लागतो. तो कोण, त्याने पैसे का दिले आणि त्याबदल्यात काय मागितले, यावर त्या देशाच्या ज्ञानाचा इतिहास पुष्कळसा ठरतो. हा प्रश्न आफ्रिका खंडाइतका उघडावाघडा दुसरीकडे क्वचितच दिसतो. माझे सारे आयुष्य सीमाभागातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, नियतकालिकांच्या कपाटांमध्ये गेले. त्यामुळे हा विषय मला दूरचा कधी वाटला नाही.

सभासदांच्या वर्गणीपासून स्वतःच्या इतिहासापर्यंत

ब्रिटिश अमदानीतल्या आफ्रिकेत पहिली विद्वत्-नियतकालिके निघाली ती हौशी मंडळांची. कंपाला येथील 'युगांडा सोसायटी'चे 'युगांडा जर्नल' १९३४ साली सुरू झाले. टांगानिकात १९३६ साली 'टांगानिका नोट्स अँड रेकॉर्ड्स' निघाले. मुलकी अधिकारी, मिशनरी, डॉक्टर अशी मंडळी वर्गणी भरत आणि तीच लिहीत. आपल्याकडच्या जिल्हा गॅझेटियरांचे जे गुण आणि जे दोष, तेच थोड्याफार फरकाने येथेही सापडतात. माहिती कष्टाने जमवलेली. पण ज्यांच्याविषयी लिहायचे ते लोक बहुधा वाचकही नव्हते आणि वर्गणीदारही नव्हते.

स्वातंत्र्याची चाहूल लागली तसे हे चित्र पालटू लागले. नायजेरियात इबादान येथे १९४८ साली विद्यापीठ महाविद्यालय स्थापन झाले होते. तेथे केनेथ ओन्वुका डिके या इतिहासकाराच्या पुढाकाराने १९५५ मध्ये 'हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ नायजेरिया' उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिचे जर्नल निघाले. गोऱ्या व्यापाऱ्यांची कागदपत्रे म्हणजेच आफ्रिकेचा इतिहास, ही समजूत डिके यांनी मोडून काढली. दरबारी गायकांच्या तोंडची वंशावळ, गावच्या वृद्धांची आठवण, स्थानिक परंपरा यांचीही शास्त्रीय छाननी होऊ शकते, हा त्यांचा आग्रह होता. भारत इतिहास संशोधक मंडळाची आणि राजवाड्यांची परंपरा माहीत असलेल्या मराठी वाचकाला या धडपडीचे मोल वेगळे सांगायला नको. राष्ट्राला आपला इतिहास स्वतः लिहायचा असेल, तर तो छापण्यासाठी स्वतःची पत्रिका लागते. परक्याच्या पत्रिकेत तो पाहुणा म्हणूनच जातो.

'ट्रान्झिशन'चे प्रकरण

परक्या पैशाचा पहिला मोठा धडा आफ्रिकेला मिळाला तो एका भारतीय वंशाच्या माणसाकडून. रजत निओगी हा कंपालात जन्मलेला बंगाली तरुण. त्याने १९६१ साली 'ट्रान्झिशन' हे मासिक काढले. चिनुआ अचेबे, अली मझरुई, वोले सोयिंका यांच्या लेखनाने ते गाजू लागले. सीमाभागातल्या वाचकाला जवळचा वाटावा असा एक वाद याच मासिकात रंगला. १९६३ साली ओबी वाली या नायजेरियन समीक्षकाने प्रश्न टाकला, की इंग्रजीत लिहिलेले आफ्रिकी साहित्य ही एक बंद गल्ली नव्हे काय? अचेबे यांनी १९६५ मध्ये इंग्रजीची बाजू घेऊन लिहिले. ज्यांच्या घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी असते, त्यांना या वादातली कळ चटकन समजेल.

या मासिकाला 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या पॅरिसस्थित संस्थेची मदत मिळत असे. इबादानच्या 'ब्लॅक ऑर्फियस'ला आणि आपल्या मुंबईतून निघणाऱ्या 'क्वेस्ट'लाही तोच आधार होता. १९६६-६७ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांनी उघडकीला आणले, की या संस्थेमागे अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर खात्याचा पैसा होता. आपल्याला याची कल्पना नव्हती असे निओगी यांनी सांगितले, आणि अंक चाळणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. कारण अमेरिकेला न रुचणारे लेखनही त्यात भरपूर होते. पण किटाळ आले ते आलेच. त्यानंतर युगांडाच्या राज्यघटनेवरच्या टीकेचे निमित्त होऊन ओबोटे सरकारने ऑक्टोबर १९६८ मध्ये निओगी यांना तुरुंगात टाकले. १९६९ मध्ये ते सुटले, पण कंपालात पुन्हा मासिक चालवणे शक्य राहिले नाही. १९७१ मध्ये ते घानातल्या अक्रा शहरात गेले, पुढे सोयिंका यांनी संपादकपद घेतले, आणि १९७६ मध्ये ते बंद पडले. १९९१ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत. कंपालात जन्मलेल्या मासिकाचा पत्ता कायमचा बदलला.

मुंबईच्या 'क्वेस्ट'ची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. ते आणीबाणीत थांबले आणि नंतर पुण्यातून 'न्यू क्वेस्ट' या नावाने निघू लागले. मे. पुं. रेगे यांच्यासारखा स्वच्छ बुद्धीचा तत्त्वज्ञ त्याचा संपादक होता. आपल्याकडे मासिक बंद पडले तरी ते हाती घेणारे विद्यापीठ, मंडळ, मित्रपरिवार आसपास होता. नवस्वतंत्र आफ्रिकी देशांत तो आधार अजून रुजायचा होता. तेथे दात्याने हात काढला किंवा सरकारने डोळे वटारले की सारेच संपत असे.

रिकामी कपाटे

१९७३ साली डकार येथे 'कोडेसरिया' ही समाजशास्त्र-संशोधनाची अखिल आफ्रिकी परिषद स्थापन झाली. समीर अमीन हे अर्थशास्त्रज्ञ तिचे पहिले कार्यकारी सचिव. १९७६ पासून तिचे 'आफ्रिका डेव्हलपमेंट' हे इंग्रजी-फ्रेंच नियतकालिक निघू लागले. स्वीडनसारख्या देशांची सरकारी मदत आणि फोर्डसारखी प्रतिष्ठाने यांच्या पाठबळावर कोडेसरिया चालली. मात्र विषय कोणते घ्यायचे हे ठरवणारे लोक आफ्रिकी असावेत, हे तिने पहिल्यापासून राखले. अनेक दाते असले की एकाचीच मर्जी सांभाळावी लागत नाही, हे 'ट्रान्झिशन'च्या अनुभवानंतरचे शहाणपण म्हणता येईल.

पण १९८० चे दशक उजाडले ते कर्जाचे ओझे घेऊन. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांच्या रचनात्मक समायोजनाच्या अटींखाली सरकारी खर्चाला कात्री लागली. विद्यापीठांपेक्षा प्राथमिक शाळांवरचा पैसा अधिक फळ देतो, असा सल्ला याच काळात दिला जात होता. नायजेरियाचा नायरा १९८५ च्या सुमारास डॉलरच्या जवळपास बरोबरीत होता. १९९३ पर्यंत एका डॉलरला वीसहून अधिक नायरा मोजावे लागू लागले. डॉलर-पौंडात वर्गणी मागणारी परदेशी जर्नल्स ग्रंथालयांनी बंद केली. कागद, शाई, यंत्राचे सुटे भाग महागले आणि देशी पत्रिकाही आटल्या. 'खंड पहिला, अंक पहिला' हा एक रोगच झाला. मोठ्या उत्साहाने पहिला अंक निघायचा आणि दुसरा कधी दिसायचाच नाही.

जुलै १९९१ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा परदेशी जर्नलांची यादी घेऊन आम्ही ग्रंथालयात लाल पेन्सिलीने नावे खोडत बसलो होतो. कोणत्या विषयाचा प्राध्यापक कमी ओरडेल, हा एवढाच निकष उरला होता. इबादान आणि मकेरेरे येथील ग्रंथपालांनी हेच काम आमच्याआधी आणि आमच्या कितीतरी पटींनी केले असणार. फरक असा, की आमच्याकडे देशी पत्रिका तरी चालू होत्या.

जाळ्यातून आलेला आधार

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने 'इनास्प' ही संस्था काढली. गरीब देशांना वैज्ञानिक प्रकाशने मिळवून देणे हा तिचा हेतू. पण तिथल्या मंडळींच्या लक्षात आले, की प्रश्न एकतर्फी नाही. आफ्रिकेला जगाचे संशोधन मिळत नाही हे खरे. पण आफ्रिकेचे संशोधन खुद्द आफ्रिकेलाही मिळत नाही. घानात छापलेला अंक केनियात पोहोचत नसे. म्हणून १९९८ मध्ये 'आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन', म्हणजे 'अजोल', सुरू झाले. आरंभी त्यात फक्त अनुक्रमणिका आणि लेखांचे सारांश असत. पूर्ण लेख हवा असेल तर छायाप्रत मागवायची. २००५ मध्ये हा सारा व्याप ऑक्सफर्डहून दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रॅहमस्टाउन या छोट्या विद्यापीठनगरीत आला. त्या गावाचे आजचे नाव मखांडा. 'अजोल'वर आता पाचशेहून अधिक आफ्रिकी पत्रिका आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या संख्येने पत्रिकांचे लेख कोणालाही फुकट वाचता येतात. पत्रिकेची मालकी मात्र ज्या त्या विद्यापीठाची किंवा मंडळाचीच राहते. हे कलम लहान दिसते, पण सारे मर्म त्यातच आहे.

२००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्ट येथे 'मुक्त प्रवेशा'चा जाहीरनामा निघाला. संशोधन वाचायला कोणालाही पैसे पडू नयेत, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हिनारी' योजनेतून गरीब देशांना मोठ्या प्रकाशकांची वैद्यकीय जर्नल्स फुकट किंवा अल्प दरात मिळू लागली. दोन्ही गोष्टी वरवर सारख्याच वाटतात, पण तशा नाहीत. 'हिनारी' हे दान होते, आणि दान परत घेता येते. २०११ च्या जानेवारीत काही प्रकाशकांनी बांगलादेशासाठी आपली जर्नल्स काढून घेतली. ओरड झाल्यावर परत दिली. शिवाय त्यात गरीब देशाचा डॉक्टर वाचकच राहतो, लेखक किंवा संपादक होत नाही.

याउलट मकेरेरेच्या वैद्यक शाखेने २००१ मध्ये 'आफ्रिकन हेल्थ सायन्सेस' काढले आणि ते सर्वांना मोफत ठेवले. २००४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पाठबळाने युगांडा, घाना, मलावी आणि माली येथील वैद्यकीय पत्रिकांना ब्रिटन-अमेरिकेच्या मोठ्या जर्नलांशी जोडून देण्यात आले. त्या पैशांतून संगणक आले, संपादकांचे प्रशिक्षण झाले, परीक्षक तयार झाले. मदत झाली ती हातांना. मजकूर कोणता घ्यायचा हे कंपाला, अक्रा, ब्लँटायर आणि बामाको येथेच ठरत राहिले.

येथे एक मुंबईचा दुवा सांगण्याजोगा आहे. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय यांचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. २००१ मध्ये ते इंटरनेटवर पूर्णपणे मोफत झाले, लेखकाकडूनही पैसे न घेता. फुकट दिल्याने छापील अंकाची वर्गणी घटेल ही भीती खोटी ठरली. जगभर नाव पोहोचल्याने वर्गणीदार वाढले. टोरांटो विद्यापीठ आणि ब्राझीलमधील एक संस्था यांच्या 'बायोलाइन' या विनामूल्य संग्रहात परळचे हे जर्नल आणि कंपालाचे 'आफ्रिकन हेल्थ सायन्सेस' शेजारी शेजारी नांदत होते.

लेखकाच्या खिशाला हात

मोठ्या प्रकाशकांनी लवकरच हिशेब उलटा केला. वाचकाला फुकट द्यायचे ना, मग लेखकाकडून घ्या! २०२० मध्ये 'नेचर'ने मुक्त लेखासाठी ९,५०० युरो आकार जाहीर केला. आफ्रिकेतल्या अनेक प्राध्यापकांचा वर्षाचा पगारही तेवढा भरत नाही. सवलती असतात, पण त्या बऱ्याचदा अर्ज करून मागाव्या लागतात. पूर्वी दार वाचकाला बंद होते, आता ते लेखकाला बंद झाले.

या फटीतून भामटेही शिरले. शे-दोनशे डॉलर घेऊन, काहीही न तपासता लेख छापणारी दुकाने निघाली. त्यांतली पुष्कळशी आपल्या देशातली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. हैदराबादच्या एका कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये फसवणुकीबद्दल ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. बढतीसाठी लेखांची संख्या मोजणारी विद्यापीठे जिथे जिथे होती, तिथे तिथे या दुकानांना गिऱ्हाईक मिळाले.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याबाबतीत दोन्ही बाजूंनी बोलका आहे. तेथे सरकार मान्यताप्राप्त जर्नलातल्या प्रत्येक लेखामागे विद्यापीठाला अनुदान देते. ते एक लाख रँडच्या वर गेलेले आहे. त्यामुळे संशोधन वाढले, पण संख्येचा मोहही वाढला. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत तेथील संशोधकांचे सुमारे ३,९०० लेख संशयास्पद पत्रिकांत छापले गेल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासात दिसून आले. त्याच देशाच्या विज्ञान अकादमीने मात्र २००९ पासून 'सायलो साउथ आफ्रिका' हा निवडक, दर्जेदार, मोफत पत्रिकांचा संग्रह उभा केला. नमुना ब्राझीलचा, पैसा स्वतःच्या सरकारचा. लेख मोजून पैसे दिले की लेख वाढतात. पत्रिका नीट चालावी म्हणून पैसे दिले की पत्रिका सुधारते. एकाच खजिन्यातून निघालेल्या पैशाचे हे दोन परिणाम आहेत.

ना वाचकाकडून, ना लेखकाकडून

वाचक आणि लेखक दोघांकडूनही काही न घेणाऱ्या पत्रिकांना आता 'डायमंड' म्हणतात. नाव हिऱ्याचे असले तरी घरची स्थिती बहुधा कण्याकोंड्याची. २०२१ च्या एका पाहणीत जगभरात अशा १७,००० ते २९,००० पत्रिका असाव्यात असा अंदाज निघाला. बहुसंख्य लहान, विद्यापीठांच्या किंवा विद्वत्-मंडळांच्या, आणि स्वेच्छाश्रमावर चालणाऱ्या. आपले तालुक्या-जिल्ह्याचे इतिहास मंडळ त्रैमासिक काढते तसेच हे चालते. संपादक वर्ग संपवून येतो, मुद्रिते तपासतो आणि स्वतःच टपाल खात्यात जातो. आता टपालाच्या जागी सर्व्हर आला, इतकेच.

२०२४ हे वर्ष या पत्रिकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. ब्रिटनच्या वेलकम प्रतिष्ठानाच्या पैशातून 'ईआयएफएल' ही ग्रंथालयांची संघटना, 'अजोल', आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेचे 'वाकरेन' हे संशोधन-जाळे यांनी मिळून तीन वर्षांचा प्रकल्प सुरू केला. आफ्रिकेतील विनाशुल्क मुक्त पत्रिकांना बळ देणे हाच त्याचा हेतू. त्याच वर्षी युनेस्कोने अशा पत्रिकांसाठी जागतिक आघाडीची घोषणा केली, आणि डिसेंबरमध्ये त्यांची दुसरी जागतिक परिषद केप टाउनला भरली.

या मदतीचे स्वागतच केले पाहिजे. पण ग्रंथपालाच्या सवयीने माझी नजर मुदतीच्या तारखेकडे जाते. तीन वर्षांच्या प्रकल्पात यंत्रणा बसते, माणसे शिकतात. चौथ्या वर्षी सर्व्हरचे भाडे कोण भरणार? २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारने विकास-संशोधनासाठीचे अनुदान अचानक थांबवले. २०२५ च्या जुलैत अमेरिकेचे 'यूएसएड' हे मदत-खातेच संपले. पन्नास वर्षांचे भरवशाचे दाते एका निवडणुकीत बदलू शकतात. संशोधनपत्रिकेचे आयुष्य मात्र निवडणुकीपेक्षा लांब असावे लागते. 'युगांडा जर्नल'चे जुने अंक आज इतिहासकाराला लागतात, तसे आजचे अंक आणखी ऐंशी वर्षांनी कोणाला तरी लागणारच.

मग उपाय काय? उत्तर आफ्रिकेतच तुकड्यातुकड्यांनी सापडते. नायजेरियाने १९९३ मध्ये कंपन्यांच्या नफ्यावर २ टक्के शिक्षणकर बसवला. त्या निधीच्या आजच्या रूपातून, म्हणजे 'टेटफंड'मधून, इमारतींबरोबर विद्यापीठांच्या संशोधनपत्रिकांनाही पैसा मिळतो. दक्षिण आफ्रिकेने अकादमीमार्फत संग्रह चालवला. पत्रिका प्रत्येकाची वेगळी, पण यंत्रणा सर्वांची मिळून एक, हा मार्ग 'अजोल'ने दाखवला. राष्ट्रीय उत्पन्नाचा किमान १ टक्का संशोधनावर खर्च करायचा, असे आफ्रिकी देशांनी आपसात ठरवलेलेच आहे. बहुतेक देश अजून तेथवर पोहोचलेले नाहीत. त्या टक्क्यातला अगदी नखभर भाग पत्रिकांसाठी राखून ठेवला, तरी त्यांना दरवर्षी दात्यापुढे ओंजळ करावी लागणार नाही. बाहेरच्या मदतीने यंत्र घ्यावे, शिकून घ्यावे. रोजचे दाणापाणी मात्र घरच्या कणगीतले असावे, असे मला वाटते.

'ट्रान्झिशन'चा पत्ता कंपालाहून अमेरिकेला गेला. 'अजोल'चा पत्ता ऑक्सफर्डहून ग्रॅहमस्टाउनला आला. चाळीस-पन्नास वर्षांच्या काळात प्रवासाची दिशा उलटली, ही सामान्य गोष्ट नव्हे. संपादक घरी आला, परीक्षक घरी आले, वाचकाला दार मोकळे झाले. खजिनदार तेवढा अजून परगावी आहे. तो घरी येईपर्यंत इबादानचा, मकेरेरेचा, डकारचा संपादक वर्ग संपवून मुद्रिते तपासायला बसणारच आहे. आणि त्याने तपासलेला लेख बेळगाव-खानापूरकडचा एखादा विद्यार्थी एक पैही न भरता वाचू शकतो. त्या लेखाची वर्गणी कोणी भरली, हे त्या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.